कर्णिककाकांची बर्फातली बाग

बदलापूरच्या बेलवलीत बर्फ पडत नाही. तरीही तो पडलाच तर वाफ्यांचं काय करायचं, हे आमच्या सोसायटीतल्या कुठल्याही बाईला झोपेतून उठवून विचारा, ती सांगेल. वाफ्यावर आधीच वीतभर पेंढा पसरून ठेवायचा. वर बर्फ पडला तर पडू द्यायचा, झाडू घेऊन धावायचं नाही. बर्फ म्हणजे जमिनीचं पांघरूण. हे ज्ञान आम्हाला नव्वदीच्या सुरुवातीला, दर रविवारी सकाळी, सोसायटीच्या मागच्या पत्र्याच्या शेडखाली मिळालं. देणारे कर्णिककाका. घेणाऱ्या आम्ही पाच-सहा बायका आणि एक निवृत्त पोस्टमास्तर, जे घरची वीज गेली की येत.

काका अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. उंच, काटकुळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेन्सिली, एक कडक आणि एक मऊ. कुठलीही गोष्ट कागदावर काढल्याशिवाय त्यांना ती खरी वाटत नसे. सोसायटीत पाण्याचा हौद बांधायचा ठरलं, तेव्हा त्यांनी त्याचं वरून, समोरून आणि बाजूने असं चित्र काढून आणलं. सेक्रेटरी वैतागले. म्हणाले, "अहो कर्णिक, चौकोनी खड्डा तर आहे!" काका म्हणाले, "बाजूनेही चौकोनीच आहे. पण ते आता नक्की झालं."

दुसरी सवय दिशांची. डावीकडे, उजवीकडे हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. डावं-उजवं माणूस वळला की बदलतं, उत्तर बदलत नाही, असं त्यांचं म्हणणं. जेवताना ते काकूंना म्हणत, "मालती, तो पश्चिमेचा डबा दे." मालतीकाकू त्यांना बरोब्बर भेटल्या होत्या. त्या म्हणायच्या, "माझ्या स्वयंपाकघरात वर आहे आणि खाली आहे. पश्चिम तुमच्या कारखान्यात."

त्यांना एकच मुलगी, सुनीता. ही पोरगी म्हणजे जिन्यातली आकाशवाणी. तळमजल्यावर हसली की तिसऱ्या मजल्यावर कळायचं, सुनीता आली. आठवडी बाजारातून मेथीची जुडी आणायला गेली तर परत येऊन त्या मेथीची गोष्ट अर्धा तास सांगायची, आणि आपण ऐकायचो. तिला कॅनडातलं स्थळ आलं. मुलगा इंजिनियर, सज्जन, निर्व्यसनी. काकांना फार पसंत. सुनीता म्हणाली, "बाबा, एवढ्या लांब नको." काकू म्हणाल्या, "एकुलती एक आहे हो." काका म्हणाले, माणूस चांगला मिळतोय, लांब-जवळ काय घेऊन बसलात, विमानं असतात. त्यांच्या घरातलं कुणी तोवर विमानात बसलेलं नव्हतं. लग्न झालं आणि सुनीता गेली.

माझा धाकटा भाऊ तेव्हा मस्कतला होता. त्यामुळे रविवारी संध्याकाळी स्टेशनजवळच्या फोनच्या बूथवर कर्णिक आणि आम्ही एकाच रांगेत असायचो. बूथ म्हणजे एक काचेचं खोकं, त्याचं दार लागायचं नाही. एकाचं बोलणं, पलीकडच्या आवाजासकट, सगळ्यांनी ऐकायचं, असा तिथला रिवाजच होता. सुनीताचे फोन ऐकवत नसत. "कशी आहेस?" "बरी." "जेवलीस?" "हो." "थंडी?" "आहे." जावई कामासाठी दूरदूरच्या गावांना जायचा, ही एकटी घरात. मेथीवर अर्धा तास बोलणारी पोर तीन शब्दांत फोन संपवायची. काकू डोळे पुसत बाहेर यायच्या. काका बाहेर येऊन म्हणायचे, "आवाज हल्ली स्वच्छ येतो." असा राग यायचा मला त्या माणसाचा!

मग जावयाने सासऱ्यांसाठी एक जाडजूड पुस्तक पाठवलं. सासऱ्यांच्या गॅलरीत चार कुंड्या आहेत एवढं त्याला माहीत होतं. पुस्तक होतं थंड हवेच्या देशात घरच्या बागेची आखणी कशी करावी यावर. पर्माकल्चर हा शब्द मी पहिल्यांदा काकांकडून ऐकला. "कायमची शेती म्हण," ते म्हणाले. "जंगलाला कोण पाणी घालतं? कोण खत घालतं? तरी चालतंच ना. तसं परस मांडायचं. नीट मांडलं की माणसाला काम कमी."

"काम कमी असेल तर मी येते," मी म्हटलं, आणि अशी त्या वर्गात अडकले.

काकांचा हिशेब सरळ होता. सुनीताच्या घरामागे मोठं मोकळं परस होतं, त्यात नुसतं गवत आणि सहा महिने बर्फ. तिथे बाग झाली, तर पोरीला दार उघडून बाहेर पडायला कारण मिळेल. बाग तिला करता यायची नाही, म्हणून ती आपण इथून आखून द्यायची. आपल्याला तरी कुठे येते? म्हणून शिकायचं. आणि शिकायचं तर शिकवायचं, कारण शिकवल्याशिवाय डोक्यात बसत नाही. अशा रीतीने बदलापुरातल्या बायका एप्रिलच्या उकाड्यात पदराने वारा घेत गोठलेल्या जमिनीवर टिपणं काढायला लागल्या. हे सगळं सुनीतासाठी आहे, असं काका कधी म्हणाले नाहीत. पण ते सगळ्यांना माहीत होतं, नाहीतर कोण बसलं असतं?

शेडमागच्या पडीक जागेत त्यांनी सुनीताच्या परसाचा नमुना उभारला. उत्तरेच्या बाजूला बारवी नदीतले काळे गोटे रचून घोड्याच्या नालासारखा बांध, तोंड दक्षिणेला. का, तर थंड देशात सूर्य दक्षिणेकडून तिरपा येतो, दगड दिवसभर तापतात आणि रात्री ती ऊब रोपांना देतात. बांधाच्या कुशीत नाजूक रोपं. स्वयंपाकघराच्या दाराशी रोज लागणारी भाजी, लांब फळझाडं, कारण बर्फातून कोथिंबिरीसाठी कोण चालत जाणार? वांगणीकडचा नवशा बैलगाडी भरून पेंढा टाकून गेला. इतका पेंढा कशाला, म्हणून त्याने विचारलं. काकांनी त्याला बर्फाचं सगळं नीट समजावून सांगितलं. नवशाने शांतपणे ऐकलं. म्हणाला, "सायेब, बरफ कवा परंल तवा निरोप धारा. पोरांना दाखवाला आनतो." काकांनी बरं म्हटलं.

आता चूक झाली ती अशी. वर्गात शिकलेलं घरी करून बघायचं, ही मध्यमवर्गीय बायकांची खोड. साठेवहिनींची तळमजल्यावर मागे जागा होती. त्यांनी नवऱ्याला नदीवर पिटाळून काळे गोटे आणवले आणि मिरचीच्या रोपांभोवती अगदी पुस्तकाबरहुकूम बांध घातला. पाहून आणखी दोघींनी घातला. मे महिना आला. गोट्यांनी आपलं काम चोख केलं. मिरच्या झाडावरच वाळल्या, वांगी भाजली गेली, भरताला तेवढा धुराचा वास कमी. साठेवहिनींचं मांजर त्या दगडावर बसलं आणि तसंच किंचाळत पळालं. पुढे पावसाळ्यात पेंढ्याखाली गोगलगाईंचं संमेलन भरलं ते वेगळंच.

मे महिन्यातल्याच एका रविवारी साठेवहिनी करपलेलं रोप मुळासकट घेऊन वर्गात आल्या. "कर्णिक, हे काय?"

काकांनी रोप हातात घेतलं, चष्मा कपाळावर सारून नीट पाहिलं. म्हणाले, "वहिनी, नियम बरोबर आहे. गाव चुकलं."

"मग आता गाव बदलू?"

"नको, नियम उलटा करू," ते म्हणाले, आणि खरंच त्यांनी आखणीचा पारदर्शक कागद उचलून उलटा टेबलावर ठेवला. तिथे ऊब धरायची, इथे सावली धरायची. तिथे उंच झाडं उत्तरेला, इथे पश्चिमेला, म्हणजे तिसऱ्या प्रहराचं ऊन अडेल. तिथे वाफा उंच, इथे उन्हाळी वाफा खोल. कॅनडाच्या बरोबर उलट केलं की बदलापूर मिळतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. पुढच्या उन्हाळ्यात साठेवहिनींच्या मिरच्यांत सगळ्या सोसायटीचं लोणचं झालं. काकांनी मात्र शेडमागचा मूळ कोपरा तसाच ठेवला, पुस्तकाप्रमाणे, दक्षिणेला तोंड करून. त्यात काही म्हणजे काही उगवत नसे. ते रोज त्याची निगा राखत. आम्ही त्याला सुनीताचा कोपरा म्हणायचो आणि तिकडे कपडे वाळत घालायचो नाही.

त्यानंतर सहल निघाली. झाडाला थंडी म्हणजे काय वाटतं ते अंगाने कळल्याशिवाय आखणी करता येत नाही, असं काकांचं मत पडलं. उल्हासनगरला लालचंदशेठ म्हणून त्यांच्या ओळखीचे एक सिंधी गृहस्थ होते. त्यांचा बर्फाचा कारखाना आणि त्याला लागून बटाट्याचं कोल्ड स्टोरेज. काकांनी तिथल्या बर्फाच्या खोलीत आधीच मातीने भरलेल्या दोन बादल्या नेऊन ठेवल्या होत्या, एकीत लसूण खोचलेला, दुसरीत नुसती माती. शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या दाखवायचे. "वडी साईं, लोग मेरे पास बटाटा रखते हैं, कर्णिकसाहेब मिट्टी रखता है. मी बोललो, ठेवा. मिट्टी का भाडा क्या लेना."

महाबळेश्वरसाठी घेतलेले स्वेटर ट्रंकेतून काढून, डांबरगोळ्यांचा वास दरवळत, आम्ही भर उन्हात उल्हासनगरला उतरलो. रिक्षावाल्याने विचारलं, "ताई, बीमार है क्या सब?" शेठनी बर्फाच्या खोलीचं जाड दार उघडलं, आम्ही आत गेलो आणि दार लागलं. पहिल्यांदा सगळ्या खिदळल्या. मग हसू कमी झालं. मग नाकं दुखायला लागली. काका एका बादलीतली माती खुरप्याने ठोकून दाखवत होते, दगडासारखा आवाज येत होता. "ह्या मातीत मूळ जिवंत असतं," ते सांगत होते. "मरत नाही, वाट बघतं."

मालतीकाकू माझ्या शेजारी होत्या. त्यांनी शालीतून हात काढून त्या मातीला लावला. "इतकी थंडी असते तिच्याकडे?"

"याच्यापेक्षा जास्त," काका म्हणाले.

"आणि तुम्ही तिला तिकडे दिलीत."

काकांनी खुरपं बादलीच्या कडेला ठेवलं, मग पुन्हा उचललं, मग पुन्हा ठेवलं. आपल्या हातून काय झालंय हे त्या माणसाला पक्कं माहीत आहे, हे मला त्या थंडीत दिसलं. माझा त्यांच्यावरचा निम्मा राग तिथेच गेला. बाहेर आल्यावर शेठनी सगळ्यांना गरम चहा दिला. आम्ही तो भर उन्हात मिटक्या मारत प्यायलो.

पुस्तकाचा पहिला धडा असा की पहिलं वर्ष जमिनीला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. ऊन कुठून येतं, वारा कुठून शिरतो, पाणी कुठे साठतं. काकांची अडचण ही की जमीन कॅनडात आणि डोळे बेलवलीत. त्या रविवारी बूथवर त्यांनी कशी आहेस, जेवलीस का, हे काही विचारलंच नाही. म्हणाले, "सुनीता, तुझ्या परसातला बर्फ आधी कुठे वितळला?"

"मला काय माहीत?"

"बघून ये. मी थांबतो."

मीटर पळत होता. काका रिसीव्हर कानाला धरून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे. बूथवाला डोळे विस्फारून बघत होता. बऱ्याच वेळाने पलीकडून धापा टाकत आवाज आला. कोट चढवून, बूट घालून ती बाहेर जाऊन आली होती. "बाबा, ती लाकडी शेड आहे ना, तिच्या कडेला. तिथे चक्क माती दिसतेय."

"कुठल्या कडेला? दिशा सांग."

तिथून पुढे दर रविवारी काका विचारायचे आणि ती बघून सांगायची. वारा, सावली, डबकी. हळूहळू ती न विचारताही सांगायला लागली. बर्फात एकटीच उभी राहून ही काय बघते, म्हणून कुंपणापलीकडच्या म्हातारीने विचारलं. हिने सांगितलं, वडिलांना सांगायचंय. म्हातारीला ते फार आवडलं. तिने हिला लसणाच्या कांड्या दिल्या, सफरचंदाचं एक रोप दिलं, थंडीत घालायचे जाड मोजे दिले. फोन लांबत गेले. आमच्या रांगेतले लोक कुरकुर करायचे सोडून ऐकायला लागले. सुनीताच्या शेडच्या पूर्वेला काय लावावं, यावर बदलापूर स्टेशनबाहेर दोन अनोळखी माणसं हुज्जत घालताना मी स्वतः पाहिली आहेत.

आणि मग तिसऱ्या हिवाळ्यात एका रविवारी काकांनी काही विचारायच्या आतच ती रडायला लागली. नवरा महिनाभर बाहेर, शेजारची म्हातारी हॉस्पिटलात, दिवसाला जेमतेम सात तास उजेड. "बाबा, मला यायचंय. कायमचं. मला नाही राहायचं इथे." दार न लागणारा बूथ. सगळी रांग ऐकत होती.

काकांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "ये. तुझं घर आहे." काकूंनी डोळ्यांना पदर लावला. काका पुढे म्हणाले, "फक्त, लसूण जमिनीत आहे. तो जुलैत निघेल. तो काढ आणि ये."

रस्त्यात काकूंनी त्यांना धरलं. "पोरगी तिकडे जीव टाकतेय आणि तुम्हाला लसूण सुचतोय! माणूस आहात का कोण?"

"मालती, आज म्हटलं तर आज निघेल ती."

"मग निघू दे की!"

"येऊ दे. मलाही हवीच आहे. पण रडत पळून आलेली नको. तिथे काही केलं, असं तिला वाटू दे, मग येऊ दे." काकू तरातरा पुढे निघून गेल्या. काका मागे राहिले. मीही त्यांच्याशी बोलले नाही.

पण त्या दिवसापासून त्यांनी तयारी सुरू केली. मागच्या खोलीची खिडकी गवंडी लावून मोठी करून घेतली. "हवा खेळायला," असं सांगत. खोलीला रंग दिला, लोखंडी कपाट आणलं. अंबरनाथच्या एका शाळेत जाऊन शिक्षिकेच्या जागेची चौकशी करून आले, तेही कुणाला न सांगता, पण अंबरनाथ केवढं! आणि एका रविवारी सकाळी आम्ही वर्गाला गेलो तर सुनीताचा कोपरा मोडलेला. काळे गोटे एका बाजूला रचून ठेवलेले आणि त्या जागी मोगऱ्याची रोपं. "आता त्याचं काय काम," काका म्हणाले. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

ऑगस्टात ती आली. जिन्यात हसली आणि तिसऱ्या मजल्यावर आम्हाला कळलं. अंगाने भरली होती, हाताला घट्टे पडले होते. बॅगेतून तिने लसणाची वेणी घातलेली माळ काढली आणि बाबांच्या हातात दिली. काकांनी एकेक गड्डा दाबून पाहिला. साठेवहिनी म्हणाल्या, "आधी पोरीला तरी बघा!"

रविवारचा वर्ग तिने घेतला. खरा बर्फ पाहिलेलं माणूस, आम्ही कान टवकारून बसलो. तिने बाबांची आखणी भिंतीवर लावली आणि म्हणाली, "बाबांनी वारा अडवायची झुडपांची रांग चुकीच्या बाजूला काढली होती. मी ती हलवली." पोस्टमास्तर झोपेतून जागे झाले. काकांनी खिशातली मऊ पेन्सिल काढली, मुकाट्याने जुनी रेघ खोडली आणि तिने सांगितली तिथे नवी ओढली. ती बोलत राहिली. आमच्याकडे सप्टेंबरातच पानं पडतात, आमच्याकडे शेजारणीला आता बरं आहे, ती रोज झाडांना पाणी घालतेय, आमच्याकडे पुढच्या वर्षी सफरचंद धरेल. मी काकूंकडे पाहिलं. काकू खाली बघत होत्या.

त्या दिवशी चहाच्या वेळी तिने सांगितलं. सप्टेंबरअखेरचं तिकीट आहे. "ऑक्टोबरात जमीन गोठायच्या आत लसूण लावायला हवा ना, बाबा."

काकांच्या हातात बशी होती. ते म्हणाले, "हो तर. उशीर करून चालायचं नाही." मग विचारलं, "खिडकी बरी आहे ना? हवा येते?"

"मस्त येते," सुनीता म्हणाली.

ती गेली त्या दुपारी मी दूध आणायला खाली उतरले होते. काकू वरच्या गॅलरीतूनच हात हलवत होत्या. काकांनी टॅक्सीत बॅग ठेवली, दार लावलं, ड्रायव्हरला कुठल्या दिशेने वळायचं ते सांगितलं. सुनीता खिडकीतून हात काढून रडत होती आणि हसतही होती. गाडी निघाली. काका डिकीवर हात ठेवून, घरातल्या स्लिपरांवर, वळणापर्यंत तिच्या मागे चालत गेले. तिथे गाडीने वेग घेतला.

मी जवळ गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"मला वाटलं होतं, राहील," ते म्हणाले.

"काका, चला वर, काकू एकट्या आहेत," मी म्हटलं.

"तू हो पुढे. मी येतो."

त्या दिवाळीआधी आम्ही ठाण्याला राहायला गेलो, घाईगडबडीत त्यांची माझी नीट भेट झालीच नाही. त्यामुळे मला ते आठवतात ते तसेच. मी जिन्याशी पोहोचून मागे वळून पाहिलं तर ते वळणावरच होते, रस्त्याच्या मधोमध, डोक्यावर ऊन. चष्मा काढून हातात धरला होता आणि ते रडत होते. बाजूने सायकलवाले घंटी वाजवत जात होते, पण ते हलले नाहीत.